अकराच्या गोळीपर्यंत

दर तिसऱ्या गुरुवारी आमची लाँच
चिलोएच्या पूर्वेकडच्या बेटांवर पुस्तकं नेते.
सुकाणूवर लिसांद्रो, केबिनमध्ये मी,
आणि आठशे पुस्तकं, सॅल्मनच्या कारखान्यातून मागून आणलेल्या
जाड पिशव्यांत; कारण इथे पाऊस
आडवा येतो.

ओतिलिया वेंचुर धक्क्यावर सगळ्यांच्या आधी.
हातात परतीची पिशवी, तोंडात तक्रार.
"मागचं कसलं दिलंस? उकडलेला बटाटा नुसता,
ना मीठ ना मिरची. चौथ्या पानावर रुपेर्तो घोरायला लागला."
आणि त्याच्या आधीचं?
"त्याचं नाव काढू नकोस.
पोर हरवतं आणि सापडतच नाही.
पहाटेपर्यंत आढ्याकडे बघत पडला होता."

हिशोब साधा आहे, तिनेच मला शिकवलेला:
नवऱ्याची शेवटची गोळी रात्री अकराला.
अर्धांगाचा झटका आल्यापासून डावी बाजू त्याचं ऐकत नाही
आणि अंधार पडला की झोप त्याला ओढून नेते.
आठ ते अकरा ती वाचते, चुलीशी बसून, मोठ्याने.
तेव्हा कादंबरी अशी हवी
की अकरापर्यंत डोळा लागू नये
आणि अकरानंतर लागावा.

मी ग्रंथपालाची परीक्षा वाल्पाराइसोला दिली.
त्यात हा प्रश्न नव्हता.

खून चालेल का?
"चालेल. पण मेलेला आधीपासून नकोसा असावा."
युद्ध?
"लांबचं. आणि कुणीतरी घरी परतलं पाहिजे."
समुद्र?
ती धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांकडे बघते.
"समुद्र असू दे. बुडून मात्र कुणी मरायचं नाही.
ते इथे फुकट मिळतं."
बरं, प्रेम?
"असलं तर असलं. कुत्रा असेल तर मात्र
शेवटच्या पानावर तो जिवंत पाहिजे.
हे तू आधी बघून ठेव."

तेव्हापासून मी पुस्तकं मागून वाचतो.
लिसांद्रो म्हणतो, विजेरी लावून मेलेले मोजतोस काय रे?
मोजतो. आणि पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात
पेन्सिलीने बारीक लिहून ठेवतो:
कुत्रा वाचतो.
पान दोनशे दहाला धीर धरा.
आजी मरते, पण वय झालं होतं, तिचीही हरकत नव्हती.

मागच्या खेपेला एक जाडजूड दिली.
डोंगरातल्या रेल्वेवरची स्वयंपाकीण,
पिठाच्या पोत्यात सापडलेली कुणाच्या तरी तिजोरीची किल्ली,
सहाशे पानं.

या गुरुवारी टोकाला वळसा घालून आत शिरलो
तर तिच्या धुराड्यातून धूर नाही.
सकाळचे दहा. भरती. धक्क्यावर चिटपाखरू नाही.
लिसांद्रोने इंजिन बंद केलं, न सांगता.
इथे धूर नसणं म्हणजे काय, आम्हा दोघांना कळतं.
मी पिशवी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.
आठशे पुस्तकं पाठीशी,
एकाचाही शेवट आठवेना.
चिखलाची चढण. फाटक. उपाशी कोंबड्यांचा कालवा.
दार वाजवलं.
पुन्हा वाजवलं.

केस विस्कटलेले, अंगावर नवऱ्याचा पोंचो.
"हळू! आत्ता कुठे झोपलाय.
तीनपर्यंत सोडलं नाही मला.
पंधरा पानं राहिली म्हणाला, मग दहा, मग..."
गोळी?
"दिली की. बाराला.
बाईचा डबा बोगद्यात सुटला होता,
मी उठणार कशी?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. बूट चिखलाने भरलेले.
तिने मातेचा पेला हातात दिला, गार होता, तसाच प्यायलो.
"दुसरा भाग आण," ती म्हणाली.

दुसरा भाग नाही. लिहिलेलाच नाही, मी शोधलंय.
बघतो, म्हटलं.

परतताना लिसांद्रोने विचारलं,
या पुस्तकाच्या कोपऱ्यात आता काय लिहिणार?
लाँच हलत होती, अक्षर वाकडं आलं:
गोळी आधी द्या.